भैकेराच्या जबड्यातली बिजागरी

पावसाळा उतरणीला लागला की माझ्याकडे बेडकांची पत्रं येतात. यंदा चार आली आणि चारही फिरून फिरून जबड्यापाशीच थांबली. म्हणून सापांचे आणि मुंग्यांचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेईन. पत्रं ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने देते.

प्रश्न : ताई, नातू गणपतीला आला होता. त्याने भाताच्या खाचरातून बेडकाची पिल्लं बरणीत आणली. तुम्ही त्यांना भैकेर म्हणता. त्यांचं तोंड म्हणजे टाचणीचं डोकं. नातू विचारतो, आजोबा, एवढ्याशा तोंडाचा बेडकाचा एवढा मोठा जबडा कसा होतो? जुना गळून नवा येतो की तोच वाढतो? मला सांगता येईना.
– एक आजोबा, देवरुखजवळून

उत्तर : आजोबा, तोच वाढतो, आणि वाढता वाढता मागे सरकतो. हे सरकणं नातवाला घरीच बघता येईल. मोठ्या बेडकाचं तोंड कुठपर्यंत फाटलेलं असतं ते पाहा. ओठांचा कोपरा डोळ्याच्याही मागे जातो. आता बरणीतलं पिल्लू बाजूने पाहा. त्याचं तोंड डोळ्याच्या पुष्कळ पुढे, थेट नाकाडावर असतं. पुढचे पाय फुटले की रोज सकाळी तोंडाचा कोपरा डोळ्याच्या तुलनेत कुठे आहे ते वहीत काढायला सांगा. शेपटी आटेपर्यंत तो कोपरा डोळ्याखालून मागे गेलेला दिसेल.

आत काय घडतं ते सांगते. पिल्लाच्या डोक्यात सुरुवातीला हाड नसतं, कूर्चा असते. आपल्या कानाच्या पाळीला वरच्या बाजूला जी लवचीक वस्तू हाताला लागते, तीच. डोळ्याखालून एक लांब कूर्चा पुढे गेलेली असते, ती वरच्या बाजूची. तिच्या पुढच्या टोकाला एक आखूड कूर्चा टेकलेली असते, ती खालच्या जबड्याची. हिला मेकेलची कूर्चा म्हणतात. ही दोन जिथे भेटतात तो जबड्याचा सांधा. रूपांतरणाच्या वेळी, म्हणजे पिल्लाचा बेडूक होताना, वरची कूर्चा मागे वळते, मेकेलची लांबत जाते, आणि सांधा मागे मागे ओढला जातो. बेडकाचं रुंद तोंड असं तयार होतं.

पिल्लाच्या खालच्या जबड्यात आणखी एक गंमत आहे. मेकेलच्या कूर्चेच्या पुढे आणखी एक लहान कूर्चा असते आणि त्या दोघींमध्येही सांधा असतो. म्हणजे खालचा जबडा दोन ठिकाणी हलतो. ही जादा कूर्चा बेडकांच्या पिल्लांखेरीज दुसऱ्या कुणाकडे नाही. शेवाळ खरवडायला हे कामी येतं. तोंडावरची काळी चोच मात्र कूर्चेची नव्हे. ती आपल्या नखांसारखी केराटिनची असते आणि रूपांतरणात खरोखरच गळून पडते. नातवाचा अर्धा अंदाज त्यामुळे बरोबर आहे, हे त्याला जरूर सांगा. आणि बरणीत एखादं पिल्लू इतरांपेक्षा बरंच दांडगं दिसलं तर ते वेगळं काढा. आपल्याकडच्या मोठ्या हिरव्या-पिवळ्या बेडकाची पिल्लं मांसाहारी असतात. सकाळपर्यंत बरणीत तेवढं एकच उरेल.

मेकेलच्या आणि वरच्या कूर्चेमधला मुख्य सांधा मी स्वतः पहिल्यांदा पाहिला तो सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, पिल्लांत. रत्नागिरीच्या सड्यावर पावसाने ओढ दिली की जांभ्याच्या खळग्यांतलं पाणी दोन दिवसांत आटतं आणि पिल्लं तळाशी चिकटून मरतात. तशी मेलेली पिल्लं गोळा करून मी अल्कोहोलमध्ये ठेवत असे. कूर्चा रंगवायला अल्शियन ब्लू नावाचा रंग लागतो. तो आमच्या प्रयोगशाळेत नव्हता. पुण्याला शिकायला गेलेल्या एका विद्यार्थिनीने कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत चिमूटभर आणून दिला. अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये तो विरघळवायचा, पिल्लू त्यात रात्रभर ठेवायचं, मग पोटॅशच्या पातळ द्रावणात मांस पारदर्शक होऊ द्यायचं आणि शेवटी ग्लिसरीन. तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखं पिल्लू आणि त्याच्या आत निळीने रेखल्यासारखी कवटी. मी वर्गाची घंटा विसरले. दोन निळ्या कूर्चांमध्ये केसाएवढी एक रंगहीन फट होती. तिथे रंग धरणारं काहीच नव्हतं. त्या फटीवरच पुढचं पत्र आहे.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी.ला आहे. सेमिनारसाठी बॅपएक्स-१ या जनुकावरचा २०१८ चा शोधनिबंध घेतला आहे. जर्मनीतल्या येना विद्यापीठात तीन उभयचरांत हे जनुक दाबलं, तर जबड्याचा सांधा नाहीसा झाला. पण पिल्लं तरीही खात होती, श्वास घेत होती! मग सांध्याची गरजच काय? आणि हे जनुक सांधा ‘बनवतं’ असं न म्हणता ‘टिकवतं’ असं का म्हटलं आहे? नावाचा अर्थही कळला नाही.
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : विषय फार छान निवडलास. नावापासून सुरुवात करू. फळमाशीत एक जनुक सापडलं. ते बिघडलं की माशीच्या भ्रूणात आतड्याभोवतीचे स्नायू नीट तयार होत नाहीत. त्याला बॅगपाईप असं नाव मिळालं, आपल्या पोलीस बँडमध्ये काखेत पिशवी दाबून वाजवतात तेच वाद्य. पुढे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत त्याची भावंडं सापडली, त्यांतलं एक बॅपएक्स-१. आज त्याला एनकेएक्स ३.२ असंही म्हणतात. आफ्रिकी बेडकातल्या आणखी दोन भावंडांना झांपोन्या आणि कोझा अशी नावं दिली आहेत. झांपोन्या हे इटलीतलं बॅगपाईप, कोझा पोलंडमधलं. नाव आतड्यावरून पडलं आणि काम निघालं जबड्यात, असं जनुकांच्या बाबतीत वारंवार होतं. सेमिनारमध्ये यावर एक मिनिट घालव, लोक जागे होतील.

आता जबडा. भ्रूणाच्या पाठीवर चेतानलिका (जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतात ती) मिटत असताना तिच्या कडेवरून पेशी सुटतात, त्या न्यूरल क्रेस्टच्या पेशी. डोक्याच्या भागात त्या तीन मोठ्या प्रवाहांत खाली उतरतात. मी वर्गात त्यांना दिंड्या म्हणत असे, कारण प्रत्येक दिंडीची वाट आणि मुक्काम ठरलेला असतो. सर्वांत पुढची दिंडी जबड्यात जाते, तिच्या मागची कंठिकेच्या, म्हणजे जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या, कमानीत आणि शेवटची कल्ल्यांच्या कमानींत. पहिल्या दिंडीतल्या सगळ्या पेशी कूर्चा होऊ शकतात. म्हणून कुठे कूर्चा व्हायचं आणि कुठे थांबायचं हे कुणीतरी सांगावं लागतं.

झेब्राफिश या माशात हे बरंच उलगडलं आहे. खालून येणाऱ्या एंडोथेलिन-१ च्या संदेशाने बॅपएक्स-१ चालू होतं. अगदी खालच्या टोकाला हँड-२ नावाचं जनुक त्याला दाबून ठेवतं. दोघांच्या ओढाताणीत मधला अरुंद पट्टा उरतो आणि सांधा बरोबर तिथेच होतो. बार्क्स-१ नावाचं दुसरं जनुक आजूबाजूच्या पेशींना कूर्चेकडे ढकलत असतं. बॅपएक्स-१ च्या पट्ट्यात त्याचं चालत नाही. माशात बॅपएक्स-१ काढून घेतलं की सांधा जातो, हे २००३ मध्येच दिसलं होतं. उभयचरांचा पुरावा मात्र नव्हता.

येनाच्या मंडळींनी तीन प्राणी घेतले. एक मेक्सिकोचा अ‍ॅक्सोलॉटल, म्हणजे शेपटीवाला उभयचर. दुसरा लाल पोटाचा पौर्वात्य बेडूक बॉम्बिना. तिसरा आफ्रिकी नखवाला बेडूक झेनोपस. अ‍ॅक्सोलॉटल आणि बेडूक यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तिघांतही तोच परिणाम दिसला, म्हणजे एखाद्या जातीच्या खासियतीचा संशय उरत नाही. जनुक दाबायला त्यांनी मॉर्फोलिनो वापरले. ही कृत्रिम रेणूंची लहान साखळी असते, साधारण २५ अक्षरांची. ती जनुकाचा निरोप नेणाऱ्या आरएनएला चिकटते आणि त्याच्यापासून प्रथिन बनू देत नाही. जनुक जागच्या जागी, त्याचा निरोप मात्र पोचत नाही. तुझ्या ‘दाबलं’ या शब्दाचा अर्थ एवढाच आहे, तो सेमिनारमध्ये नीट सांग. पुष्कळ जण जनुक कापून टाकलं असं समजतात.

आता तुझा खरा प्रश्न. निरोप न मिळालेल्या पिल्लांत मेकेलची कूर्चा आणि वरची कूर्चा सुरुवातीला वेगवेगळ्याच तयार झाल्या. फट होती. पुढच्या वाढीत त्या फटीत कूर्चेच्या पेशी भरत गेल्या आणि दोन्ही कूर्चा एकजीव झाल्या. बॅपएक्स-१ नसतानाही फट पडली, फक्त टिकली नाही. म्हणून ‘टिकवतं’.

माझं माहेर पोफळीच्या बागेतलं. बागेतून पाण्याचा पाट जायचा. पाट एकदा खणला म्हणजे काम संपलं असं कधी नव्हतं. वडील रोज सकाळी फावडं घेऊन तो उपसायचे, दोन्ही काठांची माती आत घसरलेली असायची. चार दिवस कुणी फिरकलं नाही तर पाट भरून दोन्ही वाफे एक. हा निबंध वाचला तेव्हा मला तो पाट आठवला. मी तीस वर्षं मुलांना शिकवलं की सांधा ‘तयार होतो’, जणू सुताराने बिजागरी ठोकली आणि तो घरी गेला. फट ही कुणीतरी सतत मोकळी ठेवलेली जागा असते, हे मी शिकवलं नाही. आता असं वाटतं की सांध्याविषयी सगळ्यांत आधी हेच सांगायला हवं होतं.

उलटा प्रयोगही त्यांनी केला. बॅपएक्स-१ जास्त प्रमाणात दिलं, तर जबड्याच्या भागात नको तिथे जादा कूर्चा तयार झाल्या. कमी झालं तरी आकार बिघडतो आणि जास्त झालं तरी.

सांधा जाऊनही पिल्लं खात होती, याचं तुला आश्चर्य वाटलं. कूर्चा लवचीक असते. कानाची पाळी दुमडून बघ, सांधा नसताना वाकते. झेनोपसचं पिल्लू तर चावतच नाही. त्याला केराटिनची चोचही नसते. ते पाणी आत घेऊन त्यातले सूक्ष्म कण गाळून खातं. त्याला तेवढी लवचीकता पुरते. पण याच जबड्याचं पुढे हाड होणार, आणि न हलणाऱ्या हाडाने किडा पकडता येणार नाही. लेखकांनी आणखी एक विचार मांडला आहे. जबडा नसलेल्या आपल्या दूरच्या पूर्वजांत जबड्याच्या जागची कमान अशीच सलग असावी, आणि या पिल्लांत ती जुनी रचना कदाचित पुन्हा दिसत असावी. ‘कदाचित’ हा शब्द गाळू नकोस.

एक गोष्ट उंदरांची, कारण परीक्षक हमखास विचारतील. सस्तन प्राण्यांत बेडकाचा हा सांधा जबड्यात उरला नाही. कानापुढे बोट ठेवून तोंड उघड. बोटाखाली हलतो तो नवा सांधा. जुन्या सांध्याची हाडं लहान होत मध्यकर्णात गेली, त्यांना आपण हातोडी आणि ऐरण म्हणतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ रायशर्टने १८३७ मध्ये भ्रूण पाहून हे मांडलं, जनुक हा शब्दही नव्हता तेव्हा. मग बॅपएक्स-१ नसलेल्या उंदरात हातोडी-ऐरणीमधला सांधा जायला हवा, नाही का? तो जात नाही. कानाच्या पडद्याला धरणारं कडं मात्र खुरटतं आणि हातोडीजवळचं एक चिमुकलं हाड येतच नाही. शिवाय कण्यात दोष येतात आणि प्लीहा तयार होत नाही. मासा, बेडूक, उंदीर यांत एकच जनुक एकाच जागी चालू होतं आणि त्याचं काम थोडं थोडं बदलत गेलेलं दिसतं. सेमिनार इथे संपवलास तर चर्चा चांगली रंगेल.

प्रश्न : बेडकांच्या पिल्लांचे जबडे बिघडवून माणसाला काय मिळतं? हे क्रौर्य वाटत नाही का?
– एका पोस्टकार्डावरून, सावंतवाडी

उत्तर : वाटतं, आणि म्हणून ते कमीत कमी प्राण्यांवर, नेमक्या प्रश्नासाठीच करावं असं माझं मत आहे. आमच्या पिढीने प्रत्येक वर्गात प्रत्येक मुलासाठी एक बेडूक फाडला. त्यातून जे शिकवलं ते चित्रातून शिकवता आलं असतं, याचं मला आजही वाईट वाटतं. संशोधनातला बेडूक मात्र वेगळा. झेनोपसची अंडी मिळवायला त्याला मारावं लागत नाही, संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं की मादी अंडी घालते. १९३० च्या सुमारास हॉगबेन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने केपटाऊनमध्ये हे ओळखलं आणि पुढे कित्येक वर्षं स्त्रीला दिवस गेलेत का, हे तिच्या लघवीवरून याच बेडकावर तपासत असत. अंडं मिलिमीटरभराहून थोडं मोठं, वाढ आईच्या पोटाबाहेर, उघड्यावर. दीड तासात त्याच्या दोन पेशी होतात आणि त्यांतून बहुधा शरीराची डावी-उजवी बाजू घडते. एकाच पेशीत मॉर्फोलिनो दिलं तर दुसरी बाजू तुलनेला तिथेच मिळते. प्राणी निम्मे लागतात. काय मिळतं, हे पुढच्या पत्राच्या उत्तरात येईल.

प्रश्न : बाई, मी तुमची जुनी विद्यार्थिनी, आता सासू झाले. सुनेला मुलगा झाला. त्याची हनुवटी फार लहान आहे, गालाची हाडं खोल आहेत आणि कान अर्धवट. डॉक्टरांनी ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोम असं लिहिलं आहे. आमच्याकडच्या बायका म्हणतात, ग्रहणात तिने भाजी चिरली. ती दिवसभर रडते. तुम्ही बेडकाच्या जबड्याच्या जनुकाबद्दल बोलता, ते हेच का? आणि मी तिला काय सांगू?
– जळगाव

उत्तर : बाळ आणि बाळंतीण दोघांना माझा आशीर्वाद. सुनेला आजच सांग की ग्रहणाचा आणि भाजीचा याच्याशी काही संबंध नाही. वरच्या उत्तरात ज्या दिंड्या लिहिल्या, त्या माणसाच्या गर्भात चौथ्या आठवड्याच्या सुमारास निघतात. तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. तिने केलेल्या किंवा न केलेल्या कशाने हे झालेलं नाही. हे तू सासू म्हणून, चारचौघींसमोर मोठ्याने सांगायला हवंस. मी सांगून ते पोचणार नाही.

हे बॅपएक्स-१ नव्हे. माणसात त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर मुख्यतः कणा आणि हाडांची टोकं यांचा एक अत्यंत दुर्मीळ विकार होतो. ट्रीचर कॉलिन्समध्ये बहुतेकदा टीसीओएफ-१ नावाचं जनुक बदललेलं असतं, ते १९९६ मध्ये सापडलं. पेशीत प्रथिनं बनवणारे जे कारखाने असतात, रायबोसोम, ते उभारायला हे जनुक लागतं. दिंडीतल्या पेशी झपाट्याने वाढतात, त्यांना हे कारखाने फार लागतात. ते पुरले नाहीत की वाट धरण्याआधीच पुष्कळ पेशी मरतात. चेहऱ्यापर्यंत कमी पोचतात, म्हणून गाल आणि हनुवटी लहान. हे उंदरांच्या भ्रूणांत कळलं. नेजर सिंड्रोम नावाच्या मिळत्याजुळत्या विकाराचं जनुक आफ्रिकी बेडकाच्या भ्रूणात दाबलं, तेव्हा तिथेही न्यूरल क्रेस्टच्या पेशी कमी पडल्या. सावंतवाडीच्या वाचकांना मी जे उत्तर देणं लागत होते ते हे.

निम्म्याहून अधिक मुलांत हा बदल नव्याने झालेला असतो, आईवडिलांत कुणाकडेच नसतो. तरी दोघांची तपासणी जनुकतज्ज्ञांकडून करून घ्या. कारण एखाद्याला तो अगदी सौम्य स्वरूपात असू शकतो आणि कुणाच्या लक्षात आलेला नसतो. पुढच्या बाळाचा विचार करताना ते कळलेलं बरं.

बाळाची बुद्धी बहुधा नेहमीसारखीच असते. धोका दोन ठिकाणी. हनुवटी मागे असल्याने जीभ मागे पडून श्वास अडू शकतो. झोपताना घरघर, दूध पिताना दम लागणं, ओठ निळे पडणं यातलं काही दिसलं तर थांबू नका, लगेच रुग्णालयात न्या. कुशीवर की पालथं झोपवायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

दुसरं ऐकणं. जबडा आणि कानातली हातोडी-ऐरण एकाच दिंडीतून येतात, म्हणून दोन्ही एकदम अपुरे राहतात. आतला कान मात्र सहसा चांगला असतो. आवाज तिथपर्यंत पोचायची वाटच तेवढी बंद असते, आणि कवटीच्या हाडातून तो पोचवता येतो. त्यासाठी हाडातून ऐकू येणारं यंत्र मिळतं. लहान बाळाला ते शस्त्रक्रियेशिवाय, मऊ पट्ट्याने डोक्याला बांधता येतं. कानाची शस्त्रक्रिया मोठेपणी, त्याची आत्ता काळजी करू नका. ऐकण्याची तपासणी, म्हणजे बेरा, झाली नसेल तर या महिन्यातच करून घ्या, कारण बोलणं कानातून येतं आणि त्याचं वय आत्तापासूनच सुरू आहे. पट्टा बांधल्यावर पहिल्या दिवशी सुनेलाच त्याच्याशी बोलू दे.